दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार (कंबर हल्ली पूर्ण वाकू देत नाही, उरलेला नमस्कार मनात पुरा केला आहे असं समजावं). मामींनाही तोच, तेवढाच वाकून. आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. तुम्हीही ठीक आहात असं तुमच्या गेल्या पत्रात होतं. पण खरं सांगू का, मला ते पटलं नाही. पत्र मी दोनदा वाचलं, एकदा खिडकीपाशी उजेडात धरून. दुसऱ्या पानावर तुमच्या ओळी उजवीकडे उतरत गेल्या आहेत, म्हणजे ते पान तुम्ही बसून नव्हे तर पडून लिहिलंय. पडून का लिहिलं? शिवाय मामींचा गुडघा आता छान आहे असं तुम्ही आपणहून कळवलंत. मी विचारलं नव्हतं. न विचारता पुरवलेल्या माहितीबद्दल आमच्या विम्याच्या धंद्यात काय समजतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा दोघांच्या तब्येतीचं जे काय असेल ते उलटटपाली नीट कळवावं; डॉक्टरांचा कागद जोडलात तर उत्तमच.

पत्र लिहायला कारण आहे. मी लॉ कॉलेजची प्रवेश परीक्षा दिली, हे तुम्हाला आईकडून कळलंच असेल. (कुणाला सांगणार नाही असं ती म्हणाली होती, म्हणजे कळलंच असेल.) विमा कंपनीत सर्व्हेअर म्हणून अठरा वर्षं लोकांच्या जळलेल्या दुकानांत, भिजलेल्या गोदामांत आणि चेपलेल्या मोटारींत डोकं घातल्यावर, चव्वेचाळिसाव्या वर्षी भाच्याला ही काय अवदसा आठवली असं तुम्ही म्हणाल. ते पुढे येईल. आधी पेच सांगतो. मला एकशेवीसपैकी एकोणसाठ मिळाले. संध्याकाळच्या वर्गाच्या प्रतीक्षा यादीत माझा नंबर नववा. म्हणजे आत घेतलेल्यांपैकी नऊ जणांची मती फिरली तर दहाव्यांदा दार उघडायच्या आधी मी आत. सहा आठवड्यांनी परीक्षा पुन्हा आहे आणि दुसऱ्यांदा बसता येतं. पण नियम असा, की दुसऱ्यांदा बसलं की पहिले गुण रद्द. सत्तर पडले तर थेट वर्गात, आणि चाळीस पडले तर हातातला नववा नंबरही गेला. फॉर्मची मुदत येत्या शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. हे पत्र तुम्हाला मंगळवारच्या आत मिळत नाही, हे मी टपालाच्या खिडकीवर विचारून पक्कं केलंय. म्हणूनच तर सल्ला तुम्हाला विचारतोय. ज्याचा सल्ला वेळेत पोहोचणार असतो तो मनात काहीतरी धरूनच सल्ला देतो, असा माझा अनुभव आहे.

परीक्षा कठीण होती असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली, आठवीच्या मापाची बाकं, आणि आजूबाजूला सगळी माझ्या निम्म्या वयाची मंडळी. मी आत शिरल्यावर चार-पाच जण उठून उभे राहिले आणि "गुड मॉर्निंग सर" म्हणाले. (मी त्यांना बसायची खूण केली. ते बसले. तेवढी दोन मिनिटं मजेत गेली.) कायद्याच्या विभागात चाळीस प्रश्न होते आणि त्यांच्या डोक्यावर ठळक अक्षरांत सूचना होती : खालील माहिती सत्य मानून उत्तरे द्या. मामा, माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. माहिती सत्य असेल तर तसं मानायला सांगावं कशाला लागतं? अठरा वर्षांत ज्या ज्या माणसानं "साहेब, आधी माझ्यावर विश्वास ठेवा" अशी सुरुवात केली, त्याच्या गोदामात आग लागायच्या आदल्या दिवशी टेम्पो येऊन गेलेला निघाला आहे.

पहिलाच प्रश्न घ्या. 'क'च्या कुंपणाची भिंत 'ख'च्या मोटारीवर कोसळली. भिंत कमकुवत आहे हे 'क'ला माहीत होतं. जबाबदारी कोणाची? पर्याय चार : 'क'ची, 'ख'ची, दोघांची, आणि दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही. आता तुम्हीच बघा. भिंत पडताना पाहिली कुणी? 'ख'नं मोटार नेमकी तिथेच का लावली? 'क'च्या मनातलं लिहिणाऱ्याला कसं कळलं? मी कच्च्या कामाच्या कागदावर जागेचा नकाशा काढला, भिंतीची उंची अंदाजानं धरली, आणि हिशेब केला तेव्हा असं निघालं की एवढ्या भिंतीच्या विटा मोटारीच्या मागच्या काचेपर्यंत पोहोचतच नाहीत. (म्हणजे काच आधीच फुटलेली होती. 'ख' मला सुरुवातीपासूनच बरा वाटला नव्हता.) यात वीस मिनिटं गेली. मग हात वर करून पर्यवेक्षक बाईंना विचारलं, की भिंतीचा एखादा फोटो पाहायला मिळेल का. बाईंना सर्दी झालेली. त्यांनी नाक पुसत माझ्याकडे पाहिलं, माझ्या ओळखपत्राकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "काका, फक्त गोल काळे करा," म्हणाल्या. मी केले. चाळीसपैकी एकतीस ठिकाणी शेवटच्या पर्यायाचे केले. तर्काच्या विभागात 'सर्व माळी उंच असतात' असं एक विधान होतं, आणि आमच्या ऑफिसचा माळी माझ्या खांद्याला लागतो. त्याला डोळ्यांपुढून हलवता हलवेना. तिथले दहा प्रश्न त्याच्या पायी गेले.

निकाल लागला त्या रविवारी मुलीनं प्रश्नपत्रिका मागून घेतली. (अकरावीत आहे. तुम्ही पाहिली होती त्याच्या दुप्पट उंच झाली आहे; माळी तिच्याही खांद्याला लागेल.) वेणी घालता घालता तिनं कायद्याचे चाळीस प्रश्न सोडवले आणि छत्तीस बरोबर आणले. कायद्यातलं तिला ओ का ठो कळत नाही. मी विचारलं, कसं काय? तर म्हणाली, "बाबा, ते म्हणतायत ना खरं माना, मग मानायचं. तुला कुणी फसवत नाहीये." मला तिची काळजीच वाटली. इतकं पटकन मानणाऱ्या मुलीचं पुढे कसं होणार, असं मी बोलूनही दाखवलं. त्यावर ती केसांना रबर लावत एवढंच म्हणाली, की ती लहान असताना पोट दुखतंय म्हणून रडायची तेव्हा आई पोटावरून हात फिरवायची आणि मी कुठे, कधीपासून, आधी काय खाल्लं, असं विचारायचो. ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. हसत हसत म्हणाली, आणि वर्गातल्या मैत्रिणीला फोन करायला निघून गेली.

तर बसावं की बसू नये, हे ठरवायला मी रीतसर चौकशी सुरू केली. आधी या परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या एका क्लासमध्ये गेलो. क्लासचे सर मला पाहून उठून आले, पाण्याचा ग्लास स्वतःच्या हातानं पुढे केला आणि काही न विचारता म्हणाले, "बसा, बसाच. तुमच्यासारखी मॅच्युअर माणसं दुसऱ्या खेपेला हमखास निघतात." हमखास या शब्दावर मी वहीत खूण केली. भिंतीवर त्यांच्या यशस्वी विद्यार्थ्यांचे फोटो होते. मी सवयीनं एकेक न्याहाळत गेलो, तर एकच मुलगी दोनदा! एकदा चष्मा लावून अठरावी, एकदा चष्मा काढून बेचाळिसावी. सर म्हणाले, जुळ्या आहेत. मी म्हटलं, असतील, पण जन्माचे दाखले पाहायला मिळाले तर बरं. सरांचा चेहरा पडला, आणि मला वाटलं, सापडला चोर. मी विजयी मुद्रेनं जिना उतरत होतो तोच खालून दोघी वर येत होत्या, एक चष्मा लावून आणि एक बिनचष्म्याची, एकाच पिशवीचे दोन बंद धरून. मी भिंतीला चिकटून त्यांना वाट दिली. तरीही त्या बहिणीच आहेत एवढंच सिद्ध होतं, सरांचा सल्ला बरोबर आहे असं नाही.

मग ऑफिस. आमच्या साहेबांना कुठून तरी कळलं (बहुधा तिथेही आई). मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "परत बसा, बेधडक बसा. रजेचं मी बघतो." मामा, हा माणूस म्हणजे, वडील गेले तेव्हा माझ्या रजेच्या अर्जावर 'कारणाची खातरजमा करावी' असा शेरा मारलेला माणूस. (खातरजमा मलाच करायला लावली होती.) तो एकाएकी इतका विरघळला तर पाणी कुठेतरी मुरतंय, हे कुणीही सांगेल. दोन दिवसांनी सुतार आला आणि माझ्या टेबलाची मापं घेऊ लागला. मी परीक्षेला लागलो की माझ्या जागी कुणाला तरी बसवायचा बेत आहे, हे माझ्या लगेच लक्षात आलं. सुताराला मी आडून आडून खूप विचारलं; पठ्ठ्या तोंडात पेन्सिल धरून नुसता हूं हूं करत होता. चौथ्या दिवशी त्यानं टेबलाच्या वर भिंतीला एक फळी ठोकली. साहेब लांबूनच ओरडले, "तुमची कायद्याची पुस्तकं ठेवायला!" मी थँक्यू म्हटलं. फळीवर अजून एकही पुस्तक नाही, आणि येणारा जाणारा तिच्याकडे बघून मग माझ्याकडे बघतो.

राहता राहिली बायको. ती काहीच म्हणत नाही. तुम्हाला यातलं गांभीर्य कळतंय ना? एकोणीस वर्षांच्या संसारात मी कुठली चप्पल घालावी यावरही जिचं मत होतं, ती म्हणते, "तू ठरव." औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट असल्यामुळे डॉक्टरांचं अक्षर वाचून वाचून तिला वाटेल त्याचं वाटेल ते वाचता येतं, माझ्या तोंडावरचंसुद्धा. म्हणून मी तिच्यासमोर चेहरा सरळ ठेवतो. गेल्या आठवड्यात तिनं तिच्या उशाशी असलेला दिवा आणून जेवणाच्या टेबलावर, मी रात्री वाचत बसतो तिथे, ठेवला. विचारलं तर म्हणाली, तिथे उजेड कमी होता. तिथे उजेड गेली अकरा वर्षं कमी आहे.

आता कारण. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही, आईला तर नाहीच. तीन वर्षांपूर्वी कपडे शिवणाऱ्या एका बाईंचं दुकान जळालं होतं. चार मशिनं जळाली असं त्यांनी क्लेममध्ये लिहिलं होतं. मी राख उपसून पाहिली तर सांगाडे तीनच. चौथं कुठे गेलं? बाई म्हणाल्या, "होतं साहेब, इथंच होतं," आणि एका रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. मी अहवालात लिहिलं, की अर्जदारानं खोटी माहिती दिली आहे. आमच्याकडे एक खोटं म्हणजे सगळं खोटं. पुरा क्लेम नामंजूर झाला. दीड वर्षानं त्याच गल्लीत दुसऱ्या कामाला गेलो असताना मागच्या अंगणात, भिंतीच्या पलीकडे, गवतात एक जळकं मशीन पडलेलं दिसलं. शेजाऱ्यानं सांगितलं, आग विझवणाऱ्यांनी वाट करायला भिंतीवरून फेकलं होतं ते. मी त्याच्यावरही संशय घेतला. मशिनच्या पोटाखालचा नंबर घासून काढला आणि फाइलमधल्या नंबराशी ताडला. तोच होता. मी गवतात तसाच बसून राहिलो. पँटला डाग पडले ते अजून गेले नाहीत.

फाइल बंद झालेली. आमच्या कंपनीच्या वकिलांना सांगितलं तर ते म्हणाले, सर्व्हेअरला आता उपरती झाली म्हणून बंद फाइल उघडत नाही. बाईंनी ग्राहक न्यायालयात तक्रार केलीच आहे, तिथे काय ते होईल. मी मशिनचा फोटो आणि नंबर लिहिलेला कागद बाईंना नेऊन दिला. त्यांनी कागद नीट घडी घालून पिशवीत ठेवला आणि मला खुर्ची दिली. पुढे एकदा ऑफिसच्या कामानं त्या ग्राहक न्यायालयात गेलो होतो. व्हरांड्यात त्या ती पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, एकट्याच. वकील परवडत नाही म्हणून स्वतःच उभ्या राहतात. आमच्या वकिलांनी काही कलम काढलं की गप्प होतात आणि पुढची तारीख पडते. मला पाहून त्यांनी बाकावर सरकून जागा केली. मला लाज वाटली, मामा. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "तुम्हाला सगळं माहीत आहे साहेब, तुम्हीच का उभे राहत नाही माझ्या बाजूनं?" साक्षीला येईन, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, साक्षीला नाही, बोलायला. आणि माझ्या तोंडून हो गेलं. (नंतर घरी येताना मी हाही विचार केला, की बाईंनी मला मुद्दाम कोंडीत धरलं का. पण फार वेळ नाही केला.) त्यांच्या तारखा ज्या वेगानं पडतायत तो पाहता, तीन वर्षांचा वर्ग पुरा करून नोकरी सोडून मी सहज वेळेवर पोहोचेन.

असं सगळं आहे. एका बाजूला नववा नंबर, जो निदान हातात आहे; दुसऱ्या बाजूला पुन्हा तीच परीक्षा, तीच सूचना, आणि तोच मी. 'क' आणि 'ख' बदलतील, पण माझं डोकं सहा आठवड्यांत कसं बदलणार? आणि चाळीस पडले तर त्या व्हरांड्यात कुठल्या तोंडानं जाणार? तुम्ही वडीलधारे आहात, चार पावसाळे जास्त पाहिलेत. तुमचं मत कळवावं. ते मंगळवारनंतर कळणार असल्यामुळे मी ते अगदी मोकळ्या मनानं वाचेन.

मामींना पुन्हा नमस्कार. गुडघ्याचं विसरू नका.

तुमचा भाचा
(सही माझीच आहे, घाईत असल्यामुळे वेगळी दिसते)

ता. क. — वर लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त बसावं की बसू नये हे माझं अजून ठरलेलं नाही, एवढं सोडून. फॉर्म मी सोमवारी सकाळीच भरून ठेवलाय, साइट उघडल्यावर अकराव्या मिनिटाला. तरी तुम्हाला चार पानं सल्ला विचारला, कारण एवढं लिहून झाल्यावर मला भीती कमी वाटेल अशी आशा होती. थोडी झाली. एकच चौकोन राहिलाय. फॉर्मच्या तळाशी 'वर दिलेली सर्व माहिती सत्य आहे' असं लिहिलंय आणि तिथे खूण केल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. हे वाक्य मी अठरा वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांच्या तळाशी वाचत आलोय आणि एकदाही मानलेलं नाही. 'परीक्षा देण्याचे कारण' या रकान्यात मी 'सेवेत बढतीसाठी' असं लिहिलं होतं, ते खोडून दोनदा बदललं. तीन दिवस झाले, बोट तिथे जातं आणि परत येतं.

ता. क. दुसरा — खरं काम राहिलंच. मला सरावाला गोष्टी हव्या आहेत. क्लासच्या पुस्तकातल्या नकोत, त्या कुणी लिहिल्या ठाऊक नाही. तुमच्या हव्यात. तरुणपणी तुम्ही पूर आलेल्या नदीत मगरीच्या पाठीवर बसून पैलतीराला गेलात ती. गाढवानं तुमची मॅट्रिकची मार्कशीट खाल्ली आणि मग हुशार झालं ती. तुमच्याशी हात मिळवायला सर्कशीचा वाघ पिंजऱ्यातून पंजा बाहेर काढायचा ती. अशा वीस-पंचवीस तुमच्या हातानं लिहून पाठवा. रोज सकाळी एक वाचीन आणि एकही प्रश्न न विचारता मानीन. मी नऊ वर्षांचा असताना, मगर नेमकी प्रवाहाच्या दिशेनं जात होती की उलट, असं विचारून भर पंगतीत तुम्हाला गप्प केलं होतं. सगळे हसले होते आणि तुम्ही त्यानंतर माझ्यासमोर ती गोष्ट कधी सांगितली नाहीत. त्याबद्दल, मामा, माफ करा. मगर कुठल्याही दिशेनं गेली असली तरी चालेल. तुमच्या मगरीवर एकदा विश्वास ठेवता आला, की भिंत पडलेली मानणं मला काहीच जड जाणार नाही.

ता. क. तिसरा — पाकीट बंद करत होतो तेवढ्यात बायको दुकानातून आली. मी स्क्रीनसमोर बसलेला, तो चौकोन रिकामा. ती चपला काढता काढता मागे उभी राहिली आणि कारणाचा रकाना वाचला. तिथे आता 'एका व्यक्तीला शब्द दिला आहे' असं आहे. तिला मी बाईंबद्दल काही सांगितलेलं नाही. मी तिला म्हटलं, हे सगळं खरं आहे की नाही, माझं मलाच कळेनासं झालंय. ती म्हणाली, "खरं आहे," आणि माझ्या खांद्यावरून हात पुढे करून तिनं खूण केली. कशावरून, असं मी विचारलं नाही.

(पावतीच्या दोन प्रती काढल्या आहेत. एक सोबत पाठवत आहे, जपून ठेवावी. साइटचा काही भरवसा नाही.)